सॅलरी कॅपच्या पळवाटा: एनएचएलविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये संघांनी पगारावर किती खर्च करायचा याला मर्यादा आहे, आणि ती चुकवण्याचे नवनवे मार्ग दरवर्षी निघतात. या विषयावर एडिसन, टोरांटोपासून पुण्यापर्यंतच्या वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत. उत्तरांआधी थोडी पार्श्वभूमी. मालक आणि खेळाडूंच्या वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला आणि त्यातून ही कॅप आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख आहे. आयपीएलची पर्स लिलावाच्या वेळी मोजतात, एनएचएलची कॅप हंगामात रोजच्या रोज मोजली जाते. आणि खेळाडूला त्या वर्षी हातात किती पैसे मिळाले हे त्यात धरत नाहीत. पूर्ण कराराची वार्षिक सरासरी धरतात. तिला ‘कॅप हिट’ म्हणतात. दिलेला पैसा आणि मोजलेला पैसा यांत जी फट राहते, तिथूनच जवळजवळ सगळ्या पळवाटा निघतात.

प्रश्न: आमच्या घरात सगळे न्यू जर्सी डेव्हिल्सचे चाहते. २०१० मध्ये इल्या कोव्हालचुकचा करार लीगने का फेटाळला? तसेच करार इतर संघांनी केलेच होते ना? (एडिसन, न्यू जर्सी)

केले होते, आणि तुमची तक्रार रास्त आहे.

करार १७ वर्षांचा आणि १० कोटी २० लाख डॉलरचा होता. कोव्हालचुक तेव्हा २७ वर्षांचा होता, म्हणजे करार संपताना तो ४४ चा झाला असता. पहिल्या ११ वर्षांत ९ कोटी ८५ लाख आणि उरलेल्या सहा वर्षांत मिळून फक्त ३५ लाख, अशी विभागणी. त्यातल्या शेवटच्या पाच वर्षांत पगार वर्षाला साडेपाच लाख. आता ४२-४३ व्या वर्षी साडेपाच लाखांसाठी हा माणूस रोज बर्फावर उतरेल, असं करारावर सही करणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. ती वर्षं फक्त भागाकारासाठी होती. १७ ने भागलं की कॅप हिट ६० लाखांवर येतो. खरी ११ वर्षंच धरली तर तो ९० लाखांच्या जवळ गेला असता.

लीगने करार नाकारला, खेळाडूंची संघटना लवादाकडे गेली आणि ऑगस्टमध्ये लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगच्या बाजूने निकाल दिला. पुढे १५ वर्षांचा, १० कोटींचा करार मंजूर झाला. डेव्हिल्सना ३० लाख डॉलर दंड झाला, शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची एकेक ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली पाळी) गेली. २०१४ मध्ये दंड निम्मा झाला आणि पहिल्या फेरीतली अगदी शेवटची, ३० वी पिक त्यांना परत मिळाली. तोवर कोव्हालचुक एनएचएल सोडून रशियात परतला होता.

पण त्याआधी शिकागोने मारियन होसाला १२ वर्षांचा करार दिला होता: सुरुवातीला वर्षाला ७९ लाख, शेवटच्या चार वर्षांत जेमतेम दहा लाख. व्हँकुव्हरने गोली (गोलरक्षक) रॉबेर्तो लुओंगोला १२ वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख दिले होते. हे दोन्ही करार लीगने नोंदवून घेतले. एकच युक्ती चार संघांना चालते आणि पाचव्याची थोडी लांबली म्हणून त्याला शिक्षा होते, हे मला पटत नाही. रेघ कुठे आहे ते आधी सांगायला हवं होतं.

प्रश्न: त्या लांबलचक करारांचं पुढे काय झालं? कोणाला भोवले का? (पुणे)

व्हँकुव्हरला भोवले. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०१३ च्या सामूहिक करारात लीगने तीन गोष्टी केल्या. आपल्या खेळाडूला जास्तीत जास्त आठ आणि बाहेरच्याला सात वर्षांचा करार. पगार वर्षागणिक किती घसरू शकतो यावर बंधन. आणि तिसरी म्हणजे वसुली: जुना लांब करार असलेला खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला, तर संघाने कॅपमध्ये मिळवलेला फायदा उरलेल्या वर्षांत परत भरायचा. लुओंगो २०१४ मध्येच फ्लोरिडाकडे गेला होता. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला आणि व्हँकुव्हरच्या खात्यात सलग तीन हंगाम सुमारे ३० लाख डॉलरचा मृत भार आला. पाच वर्षांपूर्वी संघ सोडलेल्या गोलीसाठी! करार केला तेव्हा हा नियमच नव्हता. मागच्या तारखेने शिक्षा देणं मला तेव्हाही चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं. डेव्हिल्सनाही कोव्हालचुकपायी २०२४-२५ पर्यंत वर्षाला अडीच लाखांचा भार वाहावा लागला.

मिनेसोटाची गोष्ट वेगळी, पण झळ त्याहून मोठी. त्यांनी ४ जुलै २०१२ या एकाच दिवशी झॅक पारिझे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाखांचे करार दिले. २०२१ मध्ये दोघांनाही बायआउट करून, म्हणजे उरलेल्या पगाराचा काही भाग देऊन करार संपवून, मोकळं केलं. परिणामी २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत कॅपमधले सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर संघात नसलेल्या दोन माणसांवर अडकून पडले. चाहत्यांनी पूर्ण तिकीट भरून तो अपुरा संघ पाहिला.

प्रश्न: जखमी खेळाडूंची यादी वापरून टँपा बेने २०२१ चा स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला. याला फसवणूक का म्हणू नये? (टोरांटो)

सर्वाधिक पत्रं याच प्रश्नावर आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एखादा खेळाडू किमान दहा सामने आणि २४ दिवस खेळू शकणार नसेल, तर त्याला दीर्घकालीन जखमी यादीत टाकता येतं. हॉकीवाले तिला एलटीआयआर म्हणतात. त्याचा कॅप हिट हिशेबातून जात नाही, पण तेवढ्या रकमेने मर्यादा ओलांडायची मुभा मिळते. हेतू चांगलाच आहे, मुख्य खेळाडू मोडला तर संघाला बदली घेता यावा. खरं भोक दुसरीकडे होतं. खेळाडूंचा पगार नियमित हंगामाच्या दिवसांवर वाटला जातो, प्लेऑफमध्ये पगार नसतो. म्हणून कॅपची मोजणीही नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशी थांबत असे. प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला जखमी खेळाडू बरा होऊन परतला आणि बदलीचेही सगळे संघात असले, तरी मोजणारं कोणी नव्हतं.

निकिता कुचेरोवच्या नितंबाच्या सांध्यावर डिसेंबर २०२० मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याचा कॅप हिट ९५ लाख. करोनामुळे तो हंगाम ५६ सामन्यांचाच होता, त्यातला एकही तो खेळला नाही. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात तो उतरला आणि २३ सामन्यांत ३२ गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलला केलेली मदत मिळून) मिळवून सर्वांत पुढे राहिला. त्याच डिसेंबरमध्ये टँपाने ओटावाकडून मारियन गॅबोरिक आणि अँडर्स नीलसन यांचे करार घेतले. दोघंही पुन्हा खेळणार नव्हते. खेळणारे दोन जण आणि वर दुसऱ्या फेरीची पिक देऊन जायबंदी खेळाडू कोण घेतं? ज्याला सवलतीची रक्कम वाढवायची आहे तो. प्लेऑफमध्ये टँपाचा संघ मर्यादेच्या सुमारे १ कोटी ८० लाख वर होता, आणि विजयानंतर कुचेरोवने तो आकडा छापलेला टी-शर्टही घातला.

फसवणूक म्हणायची तर शस्त्रक्रिया खोटी असायला हवी. ती खोटी नव्हती. लीगने चौकशी केली आणि काही गैर सापडलं नाही. २०१५ मध्ये शिकागोचा पॅट्रिक केन गळ्याजवळचं हाड मोडून फेब्रुवारीत बाहेर गेला, त्या जागेत संघाने खेळाडू आणले, केन प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात परतला आणि कप शिकागोकडे गेला. व्हेगासच्या मार्क स्टोनचं २०२३ मध्ये असंच झालं. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तो प्लेऑफला आला आणि कप जिंकून देणाऱ्या सामन्यात त्याने तीन गोल केले. २०२५ मध्ये फ्लोरिडाचा मॅथ्यू कचुक. या चारही खेळाडूंच्या जखमा खऱ्याच होत्या. परतीचा दिवस मात्र दर वेळी तोच कसा, हा तुमचा प्रश्न योग्य आहे. बरा झालेला खेळाडू आठवडाभर आधी खेळवला तर संघाचं नुकसान आणि थांबवला तर फायदा, असा नियम असेल तर प्रत्येक डॉक्टर आणि प्रत्येक मॅनेजर सावधगिरीच्याच बाजूला झुकणार.

एक मुद्दा मात्र चाहत्यांच्या चर्चेत क्वचितच येतो. खेळाडूंचा एकूण वाटा लीगच्या हॉकी उत्पन्नाच्या निम्मा असा ठरलेला आहे. पगार त्याच्या वर गेले की एस्क्रोत, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगारातून कापून बाजूला, राखून ठेवलेल्या पैशातून फरक मालकांना परत मिळतो. म्हणजे श्रीमंत संघाने कॅपच्या वर दिलेले पैसे खेळाडूंच्या पदरात जास्तीचे पडत नाहीत. तो बोजा विनिपेग किंवा ओटावातल्या चौथ्या फळीच्या, किमान पगारावर खेळणाऱ्या पोरावरही वाटला जातो. माझा या पळवाटेवरचा राग मुख्यतः यासाठी आहे.

प्रश्न: न खेळणारे खेळाडू ॲरिझोनाचा संघ का घेत असे? (नाशिक)

कारण कॅपला छत आहे तसा तळही आहे. प्रत्येक संघाला ठरावीक किमान रक्कम कॅपवर दाखवावीच लागते, आणि इथेही मोजतात सरासरीच. बचाव फळीतला क्रिस प्राँगर नोव्हेंबर २०११ नंतर एकही सामना खेळला नाही. २०१५ मध्ये त्याचा करार ॲरिझोनाने घेतला, तेव्हा तो स्वतः लीगच्या शिस्तविषयक विभागात नोकरीला होता! त्याचा कॅप हिट सुमारे ४९ लाख आणि खरा पगार सहा लाखांच्याही आत. तळ गाठायला याहून स्वस्त मार्ग नव्हता. त्याच नोव्हेंबरमध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेव्हाही ॲरिझोनाच्या कॅपवर त्याचं नाव होतं. २०१६ मध्ये पावेल दात्स्युक रशियाला परतला. त्याचा ७५ लाखांचा कॅप हिट डेट्रॉइटच्या मानेवर होता. ॲरिझोनाने तो घेतला आणि त्या सौद्यात ड्राफ्टमध्ये २० व्या क्रमांकावरून १६ वर चढून जेकब चिकरनला निवडलं. न्यूयॉर्क आयलंडर्सनी २०१३ मध्ये बॉस्टनकडून टिम थॉमसचा ५० लाखांचा कॅप हिट घेतला. तो त्या वर्षी खेळतच नव्हता, त्यामुळे त्याला एक डॉलरही द्यायचा नव्हता.

मोठ्या संघांच्या बाजूने ही चतुर व्यवस्था आहे. पण तळ कशासाठी ठेवला होता? गरीब संघानेही खेळणाऱ्या माणसांवर खर्च करावा म्हणून. त्याऐवजी चाहत्यांना कागद मिळाला.

प्रश्न: नको असलेला महागडा खेळाडू दुय्यम लीगमध्ये पाठवून कॅप वाचवता येते का?

पूर्वी यायची. न्यूयॉर्क रेंजर्सनी ६५ लाख कॅप हिटचा वेड रेडन २०१० मध्ये दुय्यम लीगमधल्या हार्टफर्डला पाठवला आणि पूर्ण रक्कम हिशेबाबाहेर गेली. २०१३ पासून फक्त किमान पगार अधिक पावणेचार लाख एवढंच वजा होतं. ही वाट जवळजवळ बंद आहे.

प्रश्न: तिसरा संघ मध्ये घेऊन पगार कमी करतात तो प्रकार समजावून सांगाल?

ट्रेड करताना विकणारा संघ निम्म्यापर्यंत कॅप हिट स्वतःकडे ठेवू शकतो, आणि एका करारावर असं दोनदा करता येतं. एप्रिल २०२१ मधला डेव्हिड सॅव्हार्डचा सौदा पाहा. कॅप हिट ४२ लाख ५० हजार. कोलंबसने निम्मा ठेवून त्याला डेट्रॉइटला दिला, राहिले २१ लाख २५ हजार. डेट्रॉइटने त्यातला निम्मा ठेवून लगेच टँपाला दिला. टँपाच्या खात्यावर फक्त १० लाख ६२ हजार ५०० आले. डेट्रॉइटला एवढ्यासाठी चौथ्या फेरीची पिक मिळाली. सॅव्हार्ड त्यांच्यासाठी एक मिनिटही खेळला नाही.

हे मला गैर वाटत नाही. प्रत्येक डॉलर कोणाच्या तरी कॅपवर उघडपणे दिसतो. रोजच्या मोजणीचा फायदाही तसाच. हंगामभर दहा लाखांची जागा रिकामी ठेवली, तर पाव हंगाम उरला असताना ४० लाखांचा खेळाडू बसतो. ही काटकसर आहे आणि तिचं बक्षीस मिळायला हवं.

प्रश्न: फ्लोरिडा, टेक्सास, नेव्हाडात राज्याचा आयकर नाही. ही पळवाट नव्हे का? (टोरांटो)

फायदा नक्की आहे. तोच पगार तिथे हातात जास्त पडतो, म्हणून खेळाडू थोडं कमीही घेतो. पण तो संघाने शोधलेला मार्ग नाही, राज्याचा कायदा आहे. करानुसार कॅप बदलायची तर प्रत्येक खेळाडूच्या घरच्या सामन्यांपासून गुंतवणुकीपर्यंतचा हिशेब लीगला मांडावा लागेल. शिवाय याच राज्यांतले संघ अनेक वर्षं तळाशीही होते, तेव्हा करही हाच होता.

प्रश्न: नव्या नियमांनी सगळं बंद झालं का? आता कुठे फट उरली आहे? (पुणे)

बरंच बंद झालं. २०२५ मध्ये लीग आणि खेळाडूंचा नवा करार मंजूर झाला आणि त्यातले काही नियम २०२५-२६ पासूनच लागू केले. सर्वांत मोठा बदल म्हणजे प्लेऑफलाही कॅप. त्या सामन्यात उतरणाऱ्या २० जणांची बेरीज मर्यादेत हवी. जखमी खेळाडू त्याच हंगामात परतणार असेल तर बदलीसाठी मिळणारी सवलत लीगच्या सरासरी पगारापुरतीच. सॅव्हार्डसारखी दुहेरी कपात लागोपाठ करता येत नाही, मध्ये नियमित हंगामाचे ७५ दिवस जावे लागतात. पगाराचा भाग पुढच्या वर्षांवर ढकलून कॅप हिट कमी करायची कॅरोलिनाने सेथ जार्व्हिससाठी वापरलेली युक्तीही नव्या करारात बंद केली आहे. सप्टेंबर २०२६ पासून कराराची कमाल मुदतही आठऐवजी सात आणि सातऐवजी सहा वर्षं होईल.

फट कुठे? माझं लक्ष त्या ‘२० जणां’कडे आहे. प्लेऑफमध्ये बाहेर बसलेल्यांचा पगार मोजायचा नाही, म्हणजे संघ एकूण मर्यादेच्या वर राहू शकतो आणि प्रतिस्पर्धी पाहून रोज वेगळे २० उतरवू शकतो. एका रात्री महागडा बचावपटू बाहेर, दुसऱ्या रात्री महागडा फॉरवर्ड. शिवाय कॅप २०२६-२७ मध्ये १० कोटी ४० लाख आणि त्यापुढच्या वर्षी ११ कोटी ३५ लाख होणार आहे. छत इतक्या वेगाने वर जातंय की दोनेक वर्षं बहुतेक संघांना युक्त्यांची गरजच पडणार नाही. तळही त्याच वेगाने वर येईल, आणि मृत करारांचे गिऱ्हाईक पुन्हा वाढतील. २०२७ च्या उन्हाळ्यात कोणता संघ कोणाचा जायबंदी खेळाडू घेतो ते बघा.