'ज्युनिअर कमांडर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धातल्या एका इंग्रजी पत्राच्या अनुवादात लिहिणाऱ्या बाईंचा 'ज्युनिअर कमांडर' हा हुद्दा 'कनिष्ठ सेनापती' असा उतरवलाय. चालेल का?

नाही चालणार. ब्रिटिश लष्कराची ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस, म्हणजे एटीएस (१९३८), आणि आपल्याकडे १९४२ साली उभी राहिलेली विमेन्स ऑक्झिलरी कोअर, या दोन्हींत अधिकारी बायकांच्या हुद्द्यांची नावं पुरुषांपेक्षा वेगळी होती. सेकंड सबल्टर्न म्हणजे सेकंड लेफ्टनंट, सबल्टर्न म्हणजे लेफ्टनंट, ज्युनिअर कमांडर म्हणजे कॅप्टन, सीनिअर कमांडर म्हणजे मेजर. राजकन्या एलिझाबेथ फेब्रुवारी १९४५ मध्ये एटीएसमध्ये आली ती सेकंड सबल्टर्न म्हणून. जुलैत ती ज्युनिअर कमांडर झाली. एकोणीस वर्षांच्या मुलीला सेनापती कुठे करता!

हुद्दा देवनागरीत जसाच्या तसा ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला कंसात 'कॅप्टनचा दर्जा' एवढं लिहा. थेट 'कॅप्टन अमुक' मात्र करू नका. त्या काळच्या कागदांत तिचं नाव तसं नसतं, त्यामुळे पुढे कोणी शोधायला गेलं तर सापडायचं नाही. सोबत फोटो असेल तर खांद्यावरचे तारे मोजा: तीन म्हणजे ज्युनिअर कमांडर.

सालही बघा. एटीएसची ही नावं मे १९४१ पासूनची. १९४०च्या कागदात कॅप्टनच्या दर्जाला 'कंपनी कमांडर' लिहिलेलं असतं, आणि ते वाचून बाई एखाद्या कंपनीच्या (लष्करी तुकडीच्या) प्रमुख होत्या असा घोळ होतो. 'सबल्टर्न'चं आणखीनच वेगळं: विद्यापीठी लेखनात हा शब्द समाजातल्या दबलेल्या वर्गांसाठी येतो, त्या सवयीने कोणी त्याचं 'वंचित' करून बसेल.

ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत, वाफमध्ये, खरा सापळा 'फ्लाइट ऑफिसर'चा आहे. ते फ्लाइंग ऑफिसर नव्हे, त्याच्या वरचं, फ्लाइट लेफ्टनंटच्या बरोबरीचं. नौदलातली 'रेन' ही साधी नौसैनिक बाई. इंग्रजीत 'रेन' म्हणतात त्या पक्ष्याशी संबंध फक्त नावापुरता. लष्करी इस्पितळातली 'सिस्टर' हाही हुद्दाच, तेव्हा 'भगिनी' नको.

आझाद हिंद फौजेच्या राणी झाशी रेजिमेंटमध्ये ही भानगड नाही. तिथे बायकांनाही नेहमीचेच लष्करी हुद्दे होते, त्यामुळे कॅप्टन लक्ष्मी सरळ कॅप्टनच लिहायच्या.