टीआरएनए म्हणजे प्रथिननिर्मितीतला नुसता हमालच ना? मग त्याला दुभाषी का म्हणतात?

टीआरएनए हा छोटा आरएनए रेणू अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एकेक मणी, रायबोसोम या प्रथिनं जोडणाऱ्या यंत्राकडे नेतो. त्याला हमाल म्हणा, माझी हरकत नाही. पण मग पुढच्याच ओळीत त्याला दुभाषी म्हणू नका. क्रमिक पुस्तकं दोन्ही म्हणतात आणि खरा दुभाषी, अमिनोअसिल-टीआरएनए सिंथेटेज हे विकर, एका ओळीत उरकतात. कुठल्या टीआरएनएवर कुठलं अमिनो आम्ल चढवायचं हे ते विकर ठरवतं.

पटत नसेल तर 1962 चा शापव्हील आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या टीआरएनएवर किरणोत्सारी सिस्टीन चढवलं. मग रॅनी निकेल हा पदार्थ वापरून त्यातलं गंधक काढून टाकलं. गंधक गेलं की सिस्टीनचं अॅलानिन हे दुसरं अमिनो आम्ल होतं, आणि हे सगळं ते टीआरएनएला चिकटलेलं असतानाच. म्हणजे गाडी सिस्टीनची, माल अॅलानिनचा. रायबोसोमला निरोप दिला तो आरएनएच्या ए, यू, जी, सी या चार अक्षरांपैकी फक्त यू आणि जी असलेल्या कृत्रिम आरएनएचा. अॅलानिनचे चारही कोडॉन, म्हणजे निरोपातले तीन-तीन अक्षरांचे शब्द, जीसीने सुरू होतात. या निरोपात सी औषधालाही नाही. तरी सिस्टीनच्या जागी अॅलानिन बसलं! रायबोसोमनं कोडॉन आणि अँटिकोडॉन (टीआरएनएवरची कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं) जुळतात एवढंच पाहिलं, माल तपासलाच नाही.

त्यामुळे चूक टाळायची तर ती माल चढवतानाच. आयसोल्युसीन आणि व्हॅलिन यांत फरक एका मेथिलीन गटाचा. आयसोल्युसीनच्या सिंथेटेजवर व्हॅलिन अधूनमधून चढतंच. म्हणून त्या विकराला दुसरा खळगा असतो: व्हॅलिन त्यात मावतं आणि तोडलं जातं, आयसोल्युसीन मोठं म्हणून बाहेरच राहतं. चढवण्याची किंमत म्हणून एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूचे दोन उच्च-ऊर्जा बंध खर्ची पडतात. पुढे दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध जुळतो तो याच साठवलेल्या ऊर्जेवर.

आता हमालीबद्दल. अमिनो आम्ल टीआरएनएच्या सीसीए या अक्षरांच्या शेपटीच्या शेवटच्या ए वर बसतं. अँटिकोडॉन तिथून सुमारे 7 नॅनोमीटर दूर, इंग्रजी एल आकाराच्या दुसऱ्या टोकाला. पुस्तकातली टीआरएनएची तिपानी आकृती फक्त कागदावरची. रायबोसोमवर नवं अमिनो आम्ल साखळीला जाऊन चिकटतं असं सर्रास लिहितात, ते उलटं आहे. रायबोसोमवर टीआरएनए बसायच्या पी आणि ए अशा जागा असतात. पी जागेवरच्या टीआरएनएकडची अख्खी साखळी उचलून ए जागेवरच्या नव्या अमिनो आम्लावर बसते.

हां, एक सांगायचं राहिलं. टीआरएनए अगदीच मुका नाही. बरीच सिंथेटेज अँटिकोडॉनही चाचपतात, मेथिओनिनचं त्यातलंच. अॅलानिनचं मात्र तिकडे बघतही नाही. त्याला शेपटीजवळची तिसऱ्या आणि सत्तराव्या स्थानावरची जी-यू जोडी पुरते. 1988 मध्ये हौ आणि शिमेल यांनी ती जोडी दुसऱ्या टीआरएनएत बसवली, तर त्यावरही अॅलानिन चढलं.

आणि परीक्षेपुरतं: एयूजी या मेथिओनिनच्या कोडॉनचा अँटिकोडॉन 5' कडून (आरएनए साखळीच्या सुरुवातीच्या टोकाकडून; शेवटचं टोक 3') लिहिला तर सीएयू होतो. यूएसीच लिहायचं असेल तर टोकांना 3' आणि 5' लिहा, नाहीतर तो अँटिकोडॉन जीयूए वाचणारा, म्हणजे व्हॅलिनचा होतो.