पाथ, म्हणजे कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी, मी डॉट-प्रोफाइलमध्ये लिहिली. एसएसएचनं (दुरून दुसऱ्या मशीनवर काम करायची सोय) लॉगिन केलं की कमांड चालते, एसएसएचच्या ओळीतच दिली तर 'कमांड नॉट फाउंड'. असं काऊन होते?

भाऊ, पाथ बरोबर आहे, फक्त तो डॉट-प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॉगिनच्या वेळीच वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, लिहून तुमची जागा चुकली.

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगात वजनकाट्याच्या उबुंटू मशीनवरून कापसाच्या गाड्यांचा हिशेब मी रोज रात्री घरून ओढतो. लाइटचा भरवसा नाही, म्हणून लॉगिन करत न बसता एकाच ओळीत काम उरकायचं होतं. स्क्रिप्ट होमच्या बिन फोल्डरात. लॉगिन केलं की चाले, थेट दिली की सापडत नसे. दोन रात्री यातच गेल्या.

लॉगिन करणारा म्हणजे घरात येऊन चहा घेणारा पाहुणा. थेट कमांड म्हणजे सायकलवरून न उतरता निरोप सांगून जाणारा. त्याच्यासाठी डॉट-प्रोफाइल उघडतच नाही, अन् होमचं बिन पाथमध्ये जोडायचं काम उबुंटूत तीच फाइल करते. डॉट-बॅशआरसी ही दुसरी फाइल मात्र बॅश (उबुंटूतला नेहमीचा शेल, म्हणजे कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम) अशा वेळीही वाचते. मग मी तिथं ओळ टाकली, अगदी शेवटी. तरी तेच! कारण त्या फाइलीत वरच एक 'केस', म्हणजे अट, आहे: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर टाइप करणारा माणूस नसेल, तर रिटर्न. म्हणजे वाचणारा उंबऱ्यावरूनच माघारी. तुमची एक्सपोर्ट-पाथची ओळ त्या केसच्या वर न्या, काम होईल.

तपासताना एसएसएचच्या पुढचं 'एको डॉलर-पाथ' एकेरी अवतरणात द्या. दुहेरीत दिलं तर तुमच्याच लॅपटॉपचा पाथ छापून येतो अन् माणूस उगाच खूश होतो. माझी पहिली रात्र त्यातच गेली.

बॅशऐवजी झेडशेल असेल तर ओळ डॉट-झेडएसएचएन्व्हमध्ये. सगळ्याच युजरांना पाथ हवा असेल तर ईटीसीमधली एन्व्हायर्नमेंट फाइल, पण तिथं डॉलर-पाथ उलगडत नाही, पूर्ण यादी लिहावी लागते. डॉट-एसएसएच फोल्डरातल्या एन्व्हायर्नमेंट फाइलीच्या नादी लागू नका. त्यासाठी सर्व्हरवर 'परमिट-युजर-एन्व्हायर्नमेंट' चालू करावं लागतं, ते मुळात बंद असते अन् बंदच बरं. एकच स्क्रिप्ट असेल तर सरळ पूर्ण पत्ता लिहा, मी शेवटी तेच केलं.

अन् हो, केसच्या वर काही छापणारी ओळ ठेवू नका. मी हौसेनं 'राम राम' छापायला लावलं होतं, तर एसएसएचवरून फाइली ओढणारे आरसिंक अन् एसएफटीपी दोन्ही बंद पडले.