न्यायाधीशांना स्पर्धा कायदा शिकवण्यासाठी युरोपियन कमिशनचं अनुदान: अर्ज कसा करायचा आणि तो कुठे फसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेल्जियममधल्या एका विद्यापीठात तुम्ही प्रकल्पांचं काम पाहता, राष्ट्रीय न्यायाधीशांच्या स्पर्धा कायदा प्रशिक्षणासाठी कमिशनकडे पहिल्यांदाच अर्ज करायचाय, सुरुवात कुठून करावी, आणि पुण्यातलं तुमचं जुनं लॉ कॉलेज भागीदार म्हणून घेता येईल का?

आधी पुण्याचं सांगून टाकतो. अनुदान घेणारा भागीदार म्हणून नाही येणार. अलीकडचे कॉल, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिराती, युरोपीय संघाच्या सिंगल मार्केट प्रोग्रॅम या निधी-कार्यक्रमाखाली निघतात आणि भारत त्यात सहभागी देश नाही. शिवाय गरजही वेगळी आहे. आपल्याकडे स्पर्धा कायद्याच्या कलम ६१ ने दिवाणी न्यायालयांचे दरवाजे बंद केलेत, आणि नुकसानभरपाईचा अर्ज कलम ५३एन खाली अपिलीय न्यायाधिकरणाकडे जातो. युरोपात उलट आहे. १ मे २००४ पासून लागू झालेल्या नियमावली १/२००३ च्या सहाव्या कलमामुळे कुठलंही राष्ट्रीय न्यायालय युरोपीय संघाच्या कराराचं कलम १०१ (स्पर्धा मारणाऱ्या संगनमताला बंदी) आणि १०२ (बाजारातल्या वर्चस्वाच्या गैरवापराला बंदी) थेट लावू शकतं. आयुष्यभर दिवाळखोरी आणि भाडेकराराचे खटले चालवलेल्या न्यायाधीशापुढे अचानक कार्टेलचा, म्हणजे कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवल्याचा, दावा येऊन पडतो. हे अनुदान त्या न्यायाधीशासाठी आहे.

पहिल्यांदा अर्ज करणारे इथेच चुकतात. विद्यापीठ आपल्याकडे कोण प्राध्यापक आहेत ते पाहतं, त्यांच्या आवडीचे विषय जोडतं आणि त्याला अभ्यासक्रम म्हणतं. परीक्षक मात्र पहिल्या पानावर शोधत असतो तो न्यायाधीश: कुठल्या देशातला, कुठल्या पातळीवरच्या न्यायालयातला, त्याच्यापुढे कसले खटले आहेत आणि त्याला नेमकं काय जमत नाही. ‘न्यायाधीशांना स्पर्धा कायद्याची सखोल माहिती देणे’ हे वाक्य कुठल्याही प्रस्तावात चिकटवता येतं, म्हणून त्याला गुणही तेवढेच पडतात.

गरज कशी मांडायची याचं चांगलं उदाहरण म्हणजे ट्रक कार्टेल. जुलै २०१६ मध्ये कमिशनने ट्रक उत्पादकांवर सुमारे २.९३ अब्ज युरोचा दंड लावला. त्यानंतर ट्रक विकत घेतलेल्यांचे भरपाईचे दावे सुरू झाले; एकट्या स्पेनमधल्या व्यापारी न्यायालयांत ते हजारोंनी आले. अशा भरपाईसाठी युरोपीय संघाचं निर्देशपत्र २०१४/१०४ आहे, त्यामुळे कायदा फारसा अडत नाही. घोडं पेंड खातं ते आकड्यात. वादीचा तज्ज्ञ म्हणतो किंमत १५ टक्के फुगली, प्रतिवादीचा म्हणतो शून्य. दोघांकडेही रिग्रेशनची (कशामुळे किंमत किती बदलली ते काढणाऱ्या सांख्यिकी पद्धतीची) कोष्टकं असतात. न्यायाधीशाने स्वतः अंदाज कधी बांधायचा आणि वादीने पुरेसे कष्टच घेतले नाहीत असं कधी म्हणायचं, हा प्रश्न स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या न्यायालयातून थेट लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे गेला आणि १६ फेब्रुवारी २०२३ ला त्यावर निकाल आला. प्रकरण सी-३१२/२१.

आता यातून प्रशिक्षण कसं काढाल? सकाळच्या सत्रात व्याख्यान कमीत कमी ठेवा. सहा-सात न्यायाधीशांच्या गटाला दोन काल्पनिक तज्ज्ञ अहवाल द्या, प्रत्येकी चार पानांचे. एकात कार्टेलपूर्व, कार्टेलकाळ आणि नंतरचा काळ यांची तुलना असू दे, पण मधे पोलादाचा भाव वाढल्याचं त्यात धरलेलंच नाही. दुसऱ्यात शेजारच्या देशाची बाजारपेठ तुलनेला घेतलेली असू दे, आणि कार्टेल त्या देशातही होतं. चूक शोधायची, तज्ज्ञाला विचारायचे पाच प्रश्न लिहायचे, आणि निकालपत्रातला आकड्याचा परिच्छेद तिथेच लिहून काढायचा. अर्थतज्ज्ञ खोलीत हवा, पण गटाचं काम चालू असताना त्याने तोंड उघडायचं नाही. असा एक सराव प्रस्तावात अर्ध्या पानात मांडलात तर तो दहा पानांच्या विषयसूचीपेक्षा जास्त बोलतो. डिजिटल मार्केट्स ॲक्ट, म्हणजे बड्या ऑनलाइन कंपन्यांवरचा युरोपीय कायदा, हल्ली प्रत्येकाला अभ्यासक्रमात हवा असतो. न्यायाधीशांनी मागितला असेल तरच घाला.

लिहायला बसण्याआधी न्यायाधीश मिळणार आहेत याची खात्री करा. कोणाला रजा द्यायची हे बऱ्याच देशांत न्यायपरिषद किंवा न्यायिक अकादमी ठरवते. त्यांचं पत्र हवं, आणि त्यात आकडा हवा: ‘दरवर्षी इतके न्यायाधीश पाठवू.’ ‘प्रकल्पाला शुभेच्छा’ छापाच्या पत्राचा काहीच उपयोग नाही. जमलं तर अकादमीलाच कन्सोर्टियममध्ये, म्हणजे एकत्र अर्ज करणाऱ्या संस्थांच्या गटात घ्या. कागदावर ४० न्यायाधीश आणि प्रत्यक्षात १४ आले, की उरलेल्या खुर्च्या वकिलांनी भरण्याचा मोह होतो. तो टाळाच. वकील लक्ष्यगटात नाहीत, त्यांचा खर्च नामंजूर होतो, आणि न्यायाधीशही त्यांच्यासमोर मोकळेपणाने बोलत नाहीत. व्याख्याते निवडतानाही जपा. ज्याची प्रकरणं समोर बसलेल्या न्यायाधीशापुढे चालू आहेत असा वकील किंवा तज्ज्ञ मंचावर नको. ही काळजी कशी घ्याल ते जोखमीच्या तक्त्यात एका ओळीत लिहा. तिथे सगळे ‘विमान रद्द होणे’ लिहितात.

या क्षेत्रात जुने खेळाडू आहेत: ट्रिअरची युरोपीय विधी अकादमी, फ्लॉरेन्सचं युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट. आधी कुणाला कशासाठी पैसा मिळाला हे कमिशनच्या फंडिंग अँड टेंडर्स पोर्टलवर दिसतं. तेच पुन्हा इंग्रजीत करायला गेलात तर तुलनेत हरणार. नव्याला जागा आहे ती भाषेत. बहुतेक न्यायाधीश निकाल स्वतःच्या भाषेत लिहितात, आणि इंग्रजीतल्या परिसंवादाला दरवेळी तेच ते इंग्रजी येणारे चेहरे येतात.

पण भाषा म्हणजे खर्च. एकाचवेळी होणाऱ्या भाषांतराला प्रत्येक केबिनमध्ये दोन दुभाषे लागतात, कारण ते साधारण अर्ध्या तासाने आळीपाळी करतात. दोन भाषा, दोन दिवस म्हणजे चार दुभाषे, आठ मानधनं, वर उपकरणांचं भाडं. हे शेवटी आठवलं की अंदाजपत्रक कोलमडतं. कर्मचाऱ्यांचा खर्च दिवसाच्या दराने मांडायचा: वर्षाचा एकूण खर्च भागिले २१५. वर्षाला ६४,५०० युरो खर्च असलेल्या समन्वयकाचे ९० दिवस म्हणजे ३०० गुणिले ९०, म्हणजे २७,००० युरो. प्रवास, मुक्काम आणि जेवण कमिशनच्या ठरलेल्या दरांनी धरायचं. अप्रत्यक्ष खर्च सरसकट ७ टक्के. समजा थेट खर्च २ लाख युरो आहे. त्यावर १४,००० चढून एकूण २,१४,००० होतात. कॉलमध्ये कमिशनचा वाटा ८० टक्के असेल तर मिळणार १,७१,२००, आणि ४२,८०० युरो तुम्हाला उभे करायचेत. टक्का दर कॉलला बदलू शकतो, म्हणून त्या वर्षाचाच कागद उघडून हिशोब करा. फुकट मिळालेलं सभागृह खर्चात दाखवता येत नाही. व्हॅट परत मिळत असेल तर तोही नाही.

कागदोपत्री काम सगळं याच फंडिंग अँड टेंडर्स पोर्टलवर होतं. विद्यापीठाकडे नऊ आकडी सहभागी क्रमांक बहुधा आधीच असेल. संशोधन कार्यालयात विचारा, नवा काढू नका, नाहीतर एका संस्थेचे दोन क्रमांक होऊन गोंधळ होतो. अर्जाचा भाग ‘अ’ पोर्टलवरच भरायचा. भाग ‘ब’ त्यांच्या साच्यात लिहून पीडीएफ करून चढवायचा. पानांची मर्यादा गांभीर्याने घ्या. मर्यादेपलीकडची पानं परीक्षकाला दिसतच नाहीत, त्यामुळे परिणाम मोजण्याचा भाग शेवटी कोंबलात तर तोच कापला जाईल. परिणामासाठी ‘समाधानी’ची प्रश्नावली पुरत नाही. सुरुवातीला आणि शेवटी तेच प्रकरण सोडवायला द्या आणि सहा महिन्यांनी विचारा, शिकलेलं कुठल्या प्रकरणात वापरलंत का? सरासरी सहभागी-दिवसाला (एका न्यायाधीशाच्या एका दिवसाला) किती युरो पडतात तेही स्वतःच काढून लिहा. परीक्षक ते गणित करणारच आहे.

मुदत संपल्यावर निर्णयाला सहा महिने आणि करारावर सहीला आणखी तीन महिने लागू शकतात. त्यामुळे पहिला परिसंवाद लगेचच्या हंगामात धरू नका, आणि न्यायालयांच्या उन्हाळी सुट्टीत तर नकोच. करारानंतर प्रत्येक दिवसाची सही असलेली हजेरी ठेवा. ती नसेल तर त्या न्यायाधीशाचा प्रवासखर्च लेखापरीक्षणात तुमच्या गळ्यात पडतो. कागद अंतिम रकमेनंतर पाच वर्षं सांभाळायचे.

मुदत ब्रुसेल्सच्या वेळेने संध्याकाळी ५ ची असते. दोन दिवस आधी एक पूर्ण आवृत्ती चढवून टाका. मुदतीपर्यंत ती बदलता येते आणि शेवटची धरली जाते. शेवटच्या तासात पोर्टल रेंगाळलं, तर निदान काहीतरी आत असेल.