वाचकांचे प्रश्न : 95 कोटी रेकॉर्डच्या टेबलमधून जुना डेटा काढायचा कसा?

प्रश्न : आमची जीपीएस ट्रॅकिंगची छोटी सिस्टीम आहे, 300 गाड्या, गाडी चालू असली की दर 10 सेकंदाला एक लोकेशन येतं. मायएसक्यूएल 8 हा डेटाबेस वापरतो, एक रेप्लिका (मूळ डेटाबेसमागोमाग अपडेट होणारी नक्कल) आहे. लोकेशनच्या टेबलमध्ये 95 कोटी रेकॉर्ड झालेत आणि डिस्क भरत आलीय. शेवटचे 6 महिने ठेवून बाकीचं उडवायचं म्हणून रात्री 1 ला तारखेची अट घालून डिलीट मारलं, ते सकाळी 7 पर्यंत चालूच, आणि तोवर नवीन लोकेशन यायचंच बंद झालं, लॉगमध्ये नुसतं लॉक वेट टाइमआउट. क्वेरी किल केली तरी तेच. अशा वेळी सर्व्हर रिस्टार्ट करावा का? आणि डिलीट नीट करायचं कसं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी रिस्टार्टचं सांगतो, कारण अशा वेळी हात तिकडेच जातो. करू नका. किल केल्यावर डेटाबेस गप्प बसलेला नसतो, तोवर जेवढी रेकॉर्ड्स डिलीट केली तेवढी परत जागेवर आणत असतो, म्हणजे रोलबॅक, आणि ते डिलीटपेक्षाही जास्त वेळ खाऊ शकतं. ते संपेपर्यंत लॉक, म्हणजे इतरांनी बदल करू नयेत म्हणून रेकॉर्डना घातलेली कुलपं, सुटत नाहीत. रिस्टार्ट केला तरी सर्व्हर वर आला की राहिलेलं रोलबॅक पुन्हा सुरू होतं, सुटका काही होत नाही, उलट सुरू व्हायलाच वेळ लागतो. शो इंजिन इनोडीबी स्टेटस ही कमांड द्या, त्यात त्या ट्रान्झॅक्शनपुढे (एकगठ्ठा होणारं किंवा एकगठ्ठा रद्द होणारं काम) अनडू लॉग एंट्रीजचा, म्हणजे अजून मागे फिरवायच्या बदलांचा, आकडा दिसतो, तो दर मिनिटाला किती कमी होतोय ते बघितलं की अजून किती वेळ लागेल याचा अंदाज येतो, आणि मग शांतपणे थांबायचं.

आता नवीन लोकेशन का अडली ते बघू. तारखेवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसेल, किंवा असूनही इतकं उडवायचंय म्हणून डेटाबेसने पूर्ण टेबलच वाचायचं ठरवलं, तर तो जी जी रेकॉर्ड वाचतो ती सगळी लॉक करत जातो, तुमच्या अटीत बसो वा न बसो (रिपीटेबल रीड या नेहमीच्या सेटिंगमध्ये असंच होतं). वाचत वाचत टेबलच्या शेवटाला पोचला की शेवटची मोकळी जागाही लॉक, मग नवीन इन्सर्ट करायचं कुठे? ते 50 सेकंद वाट बघतात आणि एरर देतात. शिवाय एवढं सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, ते पूर्ण झालं असतं तर रेप्लिकाने तेच सगळं नव्याने करायला घेतलं असतं आणि ती कित्येक तास मागे पडली असती.

जरा हिशोब करू. गाडी दिवसाला 10 तास चालते धरलं तर एका गाडीची 3600 लोकेशन, 300 गाड्यांची 10 लाख 80 हजार, 180 दिवसांची साधारण 19.5 कोटी. म्हणजे तुम्हाला 95 मधली 19-20 कोटी ठेवायचीत आणि 75 कोटी फेकायचीत. मग 75 कोटी डिलीट करत बसण्यात अर्थच नाही हो, जे ठेवायचंय तेच उचलून नव्या टेबलमध्ये नेऊया.

त्याच रचनेचं नवं टेबल बनवा, पण बनवतानाच महिन्यावार पार्टिशन करा, म्हणजे टेबल एकच पण आत दर महिन्याचा वेगळा कप्पा. मग रिनेम टेबल या एकाच कमांडमध्ये जुन्याचं नाव बदला आणि नव्याला जुन्याचं नाव द्या, दोन्ही एकदम होतं, अधेमधे ॲपला टेबल सापडलं नाही असं होत नाही. त्या क्षणापासून लाईव्ह लोकेशन नव्या टेबलमध्ये. मग मागचे 6 महिने जुन्या टेबलमधून पाच-दहा हजारांच्या तुकड्यांनी सावकाश आणा, रेप्लिका मागे पडतेय का ते बघत बघत. तोवर जुने रिपोर्ट अर्धवट दिसतील, क्लायंटना आधी कळवून ठेवा. सगळं आलं, मोजून खात्री झाली, करारात जितका काळ डेटा ठेवायचं कबूल केलंय तितका बॅकअपमध्ये आहे हे बघितलं, की जुनं टेबल ड्रॉप करा, ट्रॅफिक कमी असताना. डिस्क तेव्हाच मोकळी होते. हे करायला नव्या 20 कोटी रेकॉर्डपुरती जागा आधीच शिल्लक पाहिजे.

नवं टेबल बनवताना आयडी बिगइंट (मोठ्या आकड्यांचा प्रकार) घ्या आणि त्याची सुरुवात जुन्या सगळ्यात मोठ्या आयडीच्या पुढून करा. साधा इंट 2147483647 ला संपतो, म्हणजे 214 कोटींच्या थोडं वर, आणि रेकॉर्ड डिलीट केली म्हणून नंबर मागे येत नाही. तुमच्या वेगाने तो आणखी साधारण 3 वर्षांत संपेल, आणि संपला की एकही इन्सर्ट होणार नाही.

पार्टिशन कुठल्या तारखेवर करायचं यावर नीट विचार करा, माझं ठाम मत आहे की डिव्हाइसने पाठवलेल्या वेळेवर करू नये. एक तर आंबा घाटात समजा रेंज गेली तर डिव्हाइस लोकेशन साठवून ठेवतं आणि रेंज आल्यावर एकदम ओततं, ते ठीक आहे, उशीर तासाभराचा. पण काही जुन्या डिव्हाइसची तारीखच चुकते. जीपीएसमधला आठवड्याचा आकडा 1024 आठवड्यांनी परत शून्यावर येतो, शेवटचा एप्रिल 2019 मध्ये आला, आणि ज्या डिव्हाइसला हे सांभाळता येत नाही ते सरळ 19-20 वर्षं जुनी तारीख पाठवतं. अशी आजची लोकेशन सगळ्यात जुन्या पार्टिशनमध्ये जाऊन पडतील आणि तुम्ही ते ड्रॉप कराल. म्हणून सर्व्हरला रेकॉर्ड मिळाली ती वेळ वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि पार्टिशन तिच्यावर. मायएसक्यूएलचा नियम असा की पार्टिशनचा कॉलम प्रायमरी कीमध्ये (रेकॉर्डची मुख्य ओळख) आणि प्रत्येक युनिक कीमध्ये (जिची किंमत दोनदा येऊ शकत नाही) असलाच पाहिजे, म्हणजे आयडी अधिक ही वेळ मिळून प्रायमरी की होईल, आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलशी जोडणारा दुवा) असेल तर काढावी लागेल. रिपोर्टच्या क्वेरीतही सर्व्हरच्या वेळेची अट जोडा, नाहीतर प्रत्येक वेळी सगळी पार्टिशन चाळली जातील.

यापुढे जुना महिना काढायचा म्हणजे एक पार्टिशन ड्रॉप, एकेक रेकॉर्ड शोधत बसायची गरजच नाही. फक्त पुढच्या दोन-तीन महिन्यांची पार्टिशन आधीच बनवणारा जॉब लावा आणि तो फेल झाला तर कोणाला तरी मेसेज जाईल असं करा, नाहीतर एक तारखेला इन्सर्ट एरर देतील.

टेबल बदलायला अजिबात परवानगी नसेल तरच तुकड्यांनी डिलीट. त्यात तारखेची अट आणि लिमिट एवढंच वापरलं तर सुरुवातीला पळतं आणि मग मंदावतं, कारण डिलीट झालेली रेकॉर्ड लगेच निघत नाहीत, नुसती खूण होते आणि मागून पर्ज थ्रेड ती साफ करतो, तोवर पुढची प्रत्येक क्वेरी त्या खुणांवरून चालत जाते. म्हणून आयडीने पुढे सरका, 5000 आयडींचा एक पट्टा, तारखेची अट त्यातच, कमिट (बदल पक्का करायचा), किंचित थांबायचं, पुढचा पट्टा. पर्कोना टूलकिटमधलं पीटी-आर्काइव्हर साधारण हेच करतं, आणि रेप्लिका मागे पडली तर थांबायलाही सांगता येतं.

प्रश्न : पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अर्धं टेबल डिलीट केलं तरी डिस्क तेवढीच भरलेली दिसते, डिलीट झालंय ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : झालंय. रिकामी झालेली जागा व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची साफसफाईची प्रक्रिया) त्याच टेबलच्या नव्या रेकॉर्डसाठी राखून ठेवतो, ऑपरेटिंग सिस्टीमला शक्यतो परत देत नाही. टेबल तसंच पुन्हा वाढणार असेल तर काही करू नका. जागा परत हवीच असेल तर व्हॅक्यूम फुल आहे, पण तो पूर्ण टेबल नव्याने लिहितो, तोवर कोणाला साधं वाचताही येत नाही आणि डिस्कवर जादा जागाही लागते, म्हणून चालू सिस्टीमवर पीजी-रिपॅक हे टूल बरं, तेही नवी कॉपी बनवतं पण लॉक थोडाच वेळ घेतं. आणि या टेबलकडे दुसऱ्या टेबलची फॉरेन की येत असेल तर त्या दुसऱ्या टेबलच्या कॉलमवर इंडेक्स आहे का बघा, पोस्टग्रेस तो आपोआप बनवत नाही आणि मग प्रत्येक डिलीटला ते अख्खं टेबल वाचलं जातं.