शाळेतून ईएसएलचं पत्र आलं, आणि घरातली मराठी बंद झाली

"ताई, आमच्या पोराला ढ पोरांच्या वर्गात घातलंय."

फोनवरचं हे पहिलंच वाक्य. मध्य न्यू जर्सीत मी कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करते, आणि भारतातून नुकत्याच आलेल्या आईवडिलांचा असा फोन मला दर वर्षी येतो. शब्द वेगळे असतात, पण आवाजातला अपमान तोच असतो. शाळेने मुलाला ईएसएल लावलं, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांमध्ये घेतलं, म्हणून ही घरं हादरलेली असतात. आता मुलगा मागे पडणार का, नकार द्यावा का, घरी मराठी बोलणं थांबवावं का, हे तीन प्रश्न ठरलेले. ज्या घरामुळे मी या प्रश्नांची उत्तरं अधिक ठामपणे द्यायला लागले, त्या घराबद्दल आज लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलाला आपण चिनू म्हणू.

चिनू नऊ वर्षांचा, चौथीतला. वडील कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष आधी आले होते. आई, चिनू आणि धाकटी बहीण जानेवारीत कोल्हापूरहून आले आणि ऐन थंडीत शाळा सुरू झाली. आईचा राग मला पूर्ण समजत होता. "नर्सरीपासून इंग्लिश मीडियम. पोटाला चिमटा काढून फी भरली. आणि ही माणसं म्हणतात, ह्याला इंग्रजी येत नाही!"

मी विचारलं, "तिकडे वर्गात टीचर शिकवायच्या कशा?"

ती जरा थांबली. "धडा इंग्रजीतनं वाचायच्या. समजवायच्या मराठीतच. उत्तरं पाठ करून घ्यायच्या."

त्या टीचरना मी अजिबात दोष देत नाही. मुलांना कळेल त्या भाषेत समजावणं हे चांगल्या शिक्षकाचंच लक्षण आहे. पण त्यामुळे झालं असं, की चिनूला 'फोटोसिंथेसिस'चं स्पेलिंग बिनचूक येत होतं आणि वर्गातल्या बाईंनी भरभर म्हटलेलं 'लाइन अप' कळत नव्हतं. प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलली जाते याचा फॉर्म भरून घेतात. त्यात मराठी लिहिलं होतं, म्हणून त्याची चाचणी झाली. न्यू जर्सीसह अमेरिकेतली बरीच राज्यं 'विडा' नावाच्या गटाच्या चाचण्या वापरतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग आणि एक ते सहा अशी पातळी. चिनूची आली २.५. वर्षाच्या मध्येच आलेला मुलगा, त्यामुळे दोन आठवड्यांच्या आत पालकांना कळवणं शाळेवर बंधनकारक होतं. ते पत्र घरी आलं, आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली.

मग सल्ले आले. शेजारच्या इमारतीतल्या, सहा-सात वर्षं इथे असलेल्या एका ओळखीच्या बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, शाळेला लिहून द्या की आम्हाला ईएसएल नको. दोन, धाकटी सप्टेंबरमध्ये केजीत जाईल तेव्हा फॉर्मवर फक्त इंग्रजी लिहा, म्हणजे चाचणीच होणार नाही. तीन, घरातली मराठी आजपासून बंद. पहिल्या दोन गोष्टींना वेळ होता. तिसरी त्याच संध्याकाळी लागू झाली.

"मग घरी काय बोलता तुम्ही?" मी विचारलं.

"मला कुठं येतंय ताई एवढं. कम, ईट, स्लीप. पुढं काय बोलू? तोही गप्प, मीही गप्प."

इथे माझे कान टवकारले. नव्या भाषेच्या वर्गात मूल काही आठवडे, कधी काही महिने बोलत नाही, ते नुसतं ऐकत असतं. हे नेहमीचं आहे, आणि शाळेनेही तिला तेच सांगितलं होतं. पण असं मूल घरी आल्यावर भरभरून बोलतं. चिनू घरीही बोलत नव्हता. रात्री दिवा लावून झोपत होता. बाथरूमला जाताना बहिणीला दाराबाहेर उभी करत होता. आईने हे सगळं 'थंडीमुळे असेल' या खात्यात टाकलं होतं. मी म्हटलं, त्याला घेऊन या, आणि गाडीतून येताना त्याच्याशी मराठीत बोला.

पहिली वीस मिनिटं तो एक शब्द बोलला नाही. मी कागद आणि खडू पुढे केले, त्याने वर्ग काढला. बाकं रिकामी. मुलं एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून खाली बसलेली. खिडकी पूर्ण काळी.

"हे काय रे?"

"तो माणूस आला होता तेव्हाचं."

"कोण माणूस?"

"बंदूकवाला." मग एकदम, धरण फुटल्यासारखं, सगळं बाहेर आलं. बाईंनी दिवे घालवले. दार आतून बंद केलं. सगळ्यांना कोपऱ्यात बसवलं. कोणी हललं की बाई ओठांवर बोट ठेवायच्या. दाराची कडी कोणीतरी बाहेरून हलवून बघितली. "मग तो गेला. मग सगळी पोरं परत गणितं करायला लागली."

तो सराव होता, शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा. न्यू जर्सीच्या शाळांमध्ये दर महिन्याला एक आगीचा आणि एक सुरक्षेचा सराव घ्यावाच लागतो. बाईंनी वर्गाला आधी सांगितलं होतं, इंग्रजीत. शाळेने घरी कळवलं होतं, इंग्रजीत, वडिलांच्या ई-मेलवर. चिनू तीन आठवडे हे मनात घेऊन रोज सकाळी त्याच वर्गात जाऊन बसत होता.

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. वडील, बिचारे, खाली वाकून त्याला म्हणाले, "अरे, घरी आल्यावर मला सांगितलं का नाहीस?"

चिनू म्हणाला, "इंग्लिशमध्ये येत नव्हतं सांगायला."

त्यानंतर बराच वेळ खोलीत कोणी काही बोललं नाही. मी त्याला सराव म्हणजे काय ते सावकाश मराठीत सांगितलं. कडी हलवणारा माणूस शाळेचाच असतो, दार नीट बंद झालंय का ते बघायला येतो, हेही सांगितलं. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग पाणी मागितलं.

मी त्या आईवडिलांना सगळ्यात आधी हेच सांगितलं, की आज रात्रीपासून घरात मराठी परत आणा. तो दिवसभर ज्या गोष्टीला घाबरतो, ज्यावर हसतो, जे त्याला कळलं नाही, ते सांगायची त्याच्याकडे एकच भाषा आहे. ती काढून घेतली तर तो इंग्रजी लवकर शिकत नाही, एकटा पडतो. आणि अभ्यासाच्या बाजूनेही हेच खरं आहे. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला, जो इथल्या ईएसएल शिक्षकांना पाठ असतो. खेळताना, जेवताना लागणारी बोली मूल साधारण दोनेक वर्षांत उचलतं, पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. आणि त्यांचं दुसरं म्हणणं मला अधिक महत्त्वाचं वाटतं. एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावी लागत नाही, फक्त तिचं नाव शिकावं लागतं. आईची मोडकी इंग्रजी ऐकून त्याचं इंग्रजी सुधारणार नाही. आईची समृद्ध मराठी ऐकून त्याची समज वाढेल, आणि ती शाळेत उपयोगी पडेल.

मग वळलो नकाराकडे. कायद्याने पालक ईएसएलला लेखी नकार देऊ शकतात. पण नकार दिला म्हणून मुलाची नोंद पुसली जात नाही. पातळी गाठेपर्यंत दर वर्षीची चाचणी त्याला द्यावीच लागते. म्हणजे परीक्षा राहते, मदत तेवढी जाते. वडिलांना हे कोणीच सांगितलं नव्हतं. धाकटीच्या फॉर्मचंही तसंच. खोटं लिहिलं तर चाचणी टळेल, पण मुलगी गोंधळलेली दिसली की बाईंना कारण कळणार नाही, आणि मग भाषेच्या अडचणीला भलतंच नाव मिळायची भीती. इंग्रजी कमी येणं हे काही अपंगत्व नाही, तेवढ्या एका कारणावरून मुलाला विशेष शिक्षणात घालता येत नाही, असं इथला कायदा स्पष्ट सांगतो. पण त्यासाठी घरची भाषा शाळेला माहीत तर हवी!

तरी वडिलांच्या चेहऱ्यावरचा कमीपणा जाईना. तेव्हा मी त्यांना सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट सांगितली. तिथे चिनी घरांतल्या जवळपास १,८०० मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा त्यांना वेगळी मदत देत नव्हत्या. सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, मग अन्याय कुठे झाला, असा शाळांचा दावा. पालक कोर्टात गेले, आणि १९७४ मध्ये 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक दिलं म्हणजे समान वागणूक होत नाही. "तुम्हाला आलेलं पत्र," मी म्हटलं, "त्या आईबापांनी भांडून मिळवलेलं आहे. आपल्या आधी इथे आलेल्यांनी आपल्या लेकरांसाठी करून ठेवलेली सोय आहे ही." वडिलांनी पत्राची घडी उलगडून ते पुन्हा वाचलं.

याचा अर्थ प्रत्येक शाळेत ही सोय चांगलीच असते असं मुळीच नाही. एकाच राज्यात शेजारशेजारच्या दोन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांमध्ये, जमीन-अस्मानाचा फरक मी पाहिला आहे. कुठे ईएसएलच्या बाई वर्गशिक्षिकेसोबत बसून धडा आखतात, कुठे एकच शिक्षिका दोन इमारतींमध्ये धावत असते आणि मुलं चित्रं रंगवत बसतात. म्हणून पत्र आलं की रागवायचं नाही, पण नुसती सही करून मोकळंही व्हायचं नाही. शाळेत जायचं आणि विचारायचं. रोज किती वेळ? किती मुलं? आणि हा तास कोणत्या विषयातून काढता?

हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला, आणि कळलं की चिनूला विज्ञानाच्या तासाला बाहेर नेत होते. त्याचा सगळ्यात आवडता विषय! मुलाला इंग्रजी शिकवता शिकवता बाकीचे विषय हातचे जाऊ नयेत, हीसुद्धा शाळेचीच जबाबदारी आहे. आईने हे शांतपणे मांडलं. पुढच्या सोमवारपासून वेळ बदलली.

ती हे मांडू शकली, कारण त्या बैठकीला दुभाषा होता. आधीच्या पालकसभेत बाई काय म्हणतात ते चिनूच सांगत होता. नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःचीच तक्रार आईला भाषांतर करून सांगायची, हे किती क्रूर आहे याचा विचार करा. पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं शाळेला बंधनकारक आहे, दुभाष्याचे पैसे पालकांनी द्यायचे नसतात. शाळेने आधी हिंदीचा दुभाषा देऊ केला. आईला हिंदी येते, पण मनातलं बोलता येत नाही. आम्ही मराठीचाच आग्रह धरला आणि तीन दिवसांनी फोनवरून मराठी दुभाषी मिळाल्या. त्यांचं "नमस्कार, बोला ताई" ऐकून ती माउली खुर्चीत सरसावून बसली. सुरक्षेच्या सरावाचंही तिने सांगितलं. वर्गशिक्षिकेचे डोळे भरून आले. तेव्हापासून सरावाच्या दिवशी सकाळी चिनूच्या हातात चित्रांची एक चिठ्ठी असायची.

घरी मी एकच काम दिलं होतं. न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा थंडीच्या दिवसांत कोल्हापुरात सकाळचे साडेसहा झालेले असतात. आजोबांचा चहा चाललेला असतो. त्या वेळी चिनूने व्हिडिओ कॉलवर आजोबांना शाळेत काय शिकवलं ते मराठीत सांगायचं. एवढंच.

एकदा वर्गात 'इरोजन' आलं. ऐकून-वाचून त्याला काही उमगलं नव्हतं. वडिलांनी शब्द दिला, धूप. आजोबा म्हणाले, अरे, मग २०१९च्या पुरात पंचगंगेनं आपल्या वावराचं काय केलं? बांध कसा खचला, काळी माती कशी वाहून गेली, वर नुसता गाळ कसा बसला, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. दुसऱ्या दिवशी चिनूने इंग्रजीत पाच वाक्यं लिहिली. व्याकरण मोडकं होतं. पण पाणी माती कुठून उचलतं आणि कुठे नेऊन टाकतं, हे वर्गात कोणापेक्षाही त्याला नीट कळलं होतं, कारण ती त्याच्या घरची माती होती. ईएसएलच्या बाईंनी तो कागद भिंतीवर लावला आणि आजोबांसाठी त्याचा फोटो पाठवला.

पुढच्या वसंतातल्या चाचणीत त्याचे ३.८ आले. ईएसएलमधून बाहेर पडायला तेव्हा ४.५ लागत होते. बोलण्याचे आणि ऐकण्याचे गुण भरपूर वाढले होते, पण एकूण गुणांत वाचन आणि लेखनाला प्रत्येकी ३५ टक्के वजन असतं, आणि तिथे तो अडला. वडिलांनी मला फोन केला, आवाज पुन्हा पडलेला. "अजून एक वर्ष काढावं लागणार म्हणतात."

मागून आईचा आवाज आला. "तोंडी सगळं येतंय हो त्याला. लिहायचं राहिलंय, येईल. त्यांना विचारा, यंदा तास विज्ञानात नाही ना घातला?"

धाकटी त्याआधीच्या सप्टेंबरातच केजीत गेली होती. घरच्या भाषेचा फॉर्म त्या वेळी आईने स्वतः भरला आणि मला फोटो पाठवला. प्रत्येक प्रश्नापुढे तिने वाचता येईल अशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, मराठी.