एकाच फांदीवर कळी, फूल आणि फळ?

प्रश्न: जुनी वनस्पतीचित्रं बघायला मला खूप आवडतात, पण एकाच फांदीवर कळी पण, उमललेलं फूल पण आणि पिकलेलं फळ पण, असं झाड कुठे असतं? मग यांना अचूक का म्हणायचं?

उत्तर: लिंबासारखी काही झाडं सोडली तर नसतंच, बरोबर पकडलंत! पण ते चित्र एका झाडाचं नसतंच मुळी, तीन-चार रोपं आणि वेगवेगळे सीझन बघून चित्रकार एक फांदी रचतो, कारण बघणाऱ्याला ती वनस्पती वर्षात कधीही ओळखता आली पाहिजे. १५४२ साली फुक्स या जर्मन वैद्याच्या ग्रंथात ५०० च्या वर चित्रं आली, त्यातली बरीच अशीच, आणि गंमत म्हणजे शेवटी चित्रकारांची आणि छपाईचे लाकडी ठसे कोरणाऱ्याची पण चित्रं छापलीत (त्या काळात एवढा मान!). पुढे लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पुंकेसर-स्त्रीकेसर मोजून वर्ग पाडले तसं फूल उभं कापून आतले भाग खाली मांडायची पद्धत रुळली.

खरी पंचाईत रंगाची, फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं. फर्डिनांड बाउअर हा ऑस्ट्रियन चित्रकार १८०१ साली जहाजाने ऑस्ट्रेलियाला निघाला, तिथे तो नुसतं पेन्सिलने स्केच करायचा आणि प्रत्येक पाकळीवर, देठावर रंगाचा नंबर टाकायचा, एकेका छटेला एक असे जवळपास हजार नंबर होते, आणि त्यावरून चित्र रंगवायचा पुढे कित्येक वर्षांनी. मला तर रंगवलेल्या चित्रांपेक्षा ती आकड्यांनी भरलेली स्केचेसच भारी वाटतात.

प्रश्न: माझ्याकडे एकाच जुन्या चित्राच्या दोन प्रती आहेत, हिरवा रंग वेगळा दिसतो. एक नकली असेल का?

उत्तर: तेवढ्यावरून नाही. रेषा छापायच्या आणि रंग हाताने भरायचे, मग हात बदलला की छटा बदलणारच. कर्टिसचं बोटॅनिकल मॅगझिन १७८७ ला सुरू झालं, त्यातली चित्रं १९४८ पर्यंत हातानेच रंगवत होते. भिंगातून बघा, ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई. नुसते ठिपके दिसले म्हणून मात्र फेकू नका हं, फ्रान्समधल्या रदूते या चित्रकाराचे गुलाब (१८१७ ते १८२४) ठिपक्या-ठिपक्यांनीच कोरलेत, फक्त ते ठिपके हाताने कोरलेले म्हणून लहानमोठे असतात.